पदरमोडीचे पंख

जळगाव/धुळे – खास प्रतिनिधी

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, म्हणजे इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरूच्या विमानतळांवर प्रवाशांनी सामानावर डोके टेकून रात्री काढल्या. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घालणारे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते आणि त्यांची पूर्तता करण्याइतके वैमानिक कंपनीच्या वेळापत्रकात नव्हते. अखेर सरकारला त्याच नियमांतून काही काळ सूट द्यावी लागली. वैमानिक कमी पडले म्हणून देशाचे विमान वाहतुकीचे गाडे अडले, हे चित्र सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. त्याच दिवसांत व्यावसायिक वैमानिकाचा परवाना खिशात असलेले तरुण मात्र भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत घरी बसले होते, हे चित्र कोणत्याही वाहिनीवर दिसले नाही.

या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा प्रश्न खानदेशातील वाचकांसाठी आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. जळगाव, धुळे आणि शिरपूर अशा तीन ठिकाणी आज धावपट्टी आहे आणि तिन्ही ठिकाणी वैमानिक घडवण्याचे काम चालते. सकाळच्या वेळी एका इंजिनाचे छोटे विमान डोक्यावरून घिरट्या घालत जाते आणि कापूस वेचणारे हात क्षणभर थांबतात, हे दृश्य या भागाला सवयीचे झाले आहे. त्या विमानात बसलेला किंवा बसलेली विद्यार्थिनी दर तासाला किती रुपये जाळते आहे आणि ते कोणाच्या खिशातून येतात, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

टंचाई कोणाची?

प्रथम टंचाईचे कोडे. विमान कंपन्यांना तुटवडा भासतो तो प्रामुख्याने अनुभवी कप्तानांचा. कप्तान होण्यासाठी लागणारा वरच्या दर्जाचा परवाना १,५०० तासांच्या उड्डाणाशिवाय मिळत नाही आणि त्यानंतरही कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांतून जावे लागते. शिकवणी संस्थेतून बाहेर पडणारा तरुण २०० तास उडालेला असतो. तो सहवैमानिकाच्या खुर्चीसाठी उमेदवार असतो आणि त्या खुर्च्या दरवर्षी ठरावीक संख्येनेच वाढतात. वर ओढ आणि खाली गर्दी, अशी ही रचना आहे. आखाती देशांतील कंपन्या भारतीय कप्तानांना चांगल्या पगारावर उचलतात, त्यामुळे वरची पोकळी आणखी वाढते. ती खालच्या गर्दीने एका रात्रीत भरून काढता येत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२२ मध्ये १,१६५ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले होते. २०२३ मध्ये ही संख्या १,६२२ वर गेली आणि तो तोवरचा उच्चांक ठरला. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवल्याने 'वैमानिक व्हा' अशा जाहिरातींना ऊत आला. पुढील १५-२० वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील, असे केंद्रीय मंत्र्यांनीही सांगितले. आकडा चुकीचा आहे असे नाही. पण विमानाची मागणी नोंदवणे आणि विमान हाती पडणे यांत वर्षानुवर्षांचे अंतर असते आणि कर्जाचा हप्ता त्या अंतराची वाट पाहत नाही. शिवाय त्याच २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचे वैमानिक, अनुभवी आणि नवखे सारेच, एका दिवसात बाजारात आले. नव्या परवानाधारकांना रांगेत आणखी मागे सरकावे लागले.

जुहू ते गोंदूर

खानदेशात हे उड्डाण कसे आले, तेही पाहण्यासारखे आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब ही १९२८ साली जुहूला सुरू झालेली संस्था. जे. आर. डी. टाटा तेथेच उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. पुढे मुंबईचे आकाश मोठ्या विमानांनी आणि हेलिकॉप्टरांनी भरून गेले, शिकाऊ विमानाला जागा उरली नाही आणि क्लबचे उड्डाण प्रशिक्षण धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर आले. शिरपूरला एनएमआयएमएस या अभिमत विद्यापीठाच्या छत्राखाली स्वतंत्र विमान प्रशिक्षण संस्था उभी राहिली. जळगावची धावपट्टी जुनी. तिचे आधुनिक विमानतळात रूपांतर झाल्यावर मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नंतर बरीच वर्षे तेथे प्रवासी विमानच नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेखाली एअर डेक्कनचे छोटे विमान आले आणि गेले, २०१९ मध्ये ट्रूजेट आली आणि तीही २०२२ मध्ये बंद पडली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर यांच्या सेवा सुरू झाल्या. मधल्या काळात, २०२१ मध्ये, विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील पाच विमानतळ निवडले: बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबाडी आणि जळगाव. संस्थांकडून घेतली जाणारी विमानतळाची रॉयल्टी सरकारने २०२० मध्येच माफ केली होती.

निवडीमागचे तर्कशास्त्र साधे आहे. येथील आकाश वर्षातील बराच काळ निरभ्र असते, प्रवासी विमानांची वर्दळ नगण्य असते आणि जमीन, मजुरी, खोलीभाडे मुंबई-पुण्याच्या तुलनेत स्वस्त पडते. उन्हाळ्याची मात्र गोष्ट वेगळी. भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की हवा विरळ होते, छोट्या इंजिनाची ताकद घटते, तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत विमानाला हेलकावे देतात. तेव्हा उड्डाणे पहाटे आणि संध्याकाळी उरकावी लागतात. जूननंतर पावसाचे ढग येतात. म्हणजे माहितीपत्रकात लिहिलेले महिने आणि प्रत्यक्ष उडता येणारे दिवस यांत फरक पडतो, आणि त्या फरकाचा खर्च विद्यार्थ्याच्या घरावर पडतो.

सरकारने सवलती दिल्या त्या संस्थांना आणि त्यात वावगे काही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने डीजीसीएची मान्यता असलेल्या उड्डाण अभ्यासक्रमांना करातून सूट असल्याचे स्पष्ट केले, हा थेट विद्यार्थ्याला मिळालेला दिलासा म्हणावा लागेल. १८ टक्के ही ५० लाखांवर नऊ लाखांची रक्कम होते. पण शिकणाऱ्याच्या मूळ खर्चाचा वाटा कोणी उचलायचा, या प्रश्नाला फारसा हात घातला गेलेला नाही.

आधी कोण पैसे देत होते?

स्वतःच्या पैशाने उडायला शिकणे ही जे.आर.डीं.च्या काळात श्रीमंतांची हौस होती. स्वातंत्र्यानंतर हवाई वाहतूक सरकारी झाली, फ्लाइंग क्लबांना उड्डाणाच्या तासांवर अनुदान मिळू लागले, हवाई दलातून निवृत्त होणारे वैमानिक नागरी सेवेत येऊ लागले आणि १९८० च्या दशकात रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची उड्डाण अकादमी उभी राहिली. एअर इंडिया किंवा इंडियन एअरलाइन्समध्ये निवड झालेल्या उमेदवाराला मोठे विमान चालवण्याचे शिक्षण कंपनी आपल्या खर्चाने देत असे. माणूस घडवण्याचा खर्च हा धंद्याचा खर्च मानला जाई.

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली. २००३ मध्ये एअर डेक्कन आली, २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो. त्या चार-पाच वर्षांत वैमानिकाला अक्षरशः सोन्याचा भाव होता. परदेशी कप्तान आणून विमाने उडवावी लागत. मराठी मध्यमवर्गातील अनेक मुले त्याच लाटेत अमेरिका, न्यूझीलंड, फिलिपाइन्सला जाऊन परवाने घेऊन आली. आणि ती परत येईपर्यंत २००८ ची मंदी येऊन ठेपली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना काढून टाकले, गणवेशातील तरुण-तरुणी राज ठाकरे यांच्या दारात गेल्या आणि दोनच दिवसांत कंपनीने निर्णय फिरवला, ही घटना मुंबईकर विसरलेले नाहीत. ते केबिन कर्मचारी आणि इतर सेवकवर्ग होते. त्यांच्यासाठी मोर्चा तरी निघाला. परवाना घेऊनही कधी नोकरीतच न लागलेल्या वैमानिकांना कोणी काढले नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी मोर्चाही निघाला नाही.

त्या मंदीत बाजाराचा नियम बदलला. उमेदवार भरपूर आणि जागा थोड्या म्हटल्यावर 'विशिष्ट विमान चालवण्याचे प्रशिक्षण तुम्हीच तुमच्या पैशाने करून या, मग बघू' असे सांगणे कंपन्यांना शक्य झाले. याला व्यवसायाच्या भाषेत टाइप रेटिंग म्हणतात. सेसना चालवणारा हात एअरबस ए-३२० वर लगेच बसत नाही. त्यासाठी सिम्युलेटरवर आणि वर्गात काही आठवडे घालवावे लागतात. खर्च १५ ते २५ लाखांच्या घरात जातो. एकदा सुरू झालेली ही पद्धत मंदी संपल्यावरही उठली नाही. कंपन्यांना सवय झाली आणि पालकांनीही ती रीत म्हणून स्वीकारली.

हप्त्याचे गणित

परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात किमान १०० तास एकट्याच्या जबाबदारीवर, शिवाय लांब पल्ल्याची, उपकरणांच्या आधारे आणि रात्रीची उड्डाणे असतात. विमानाचे इंधन, देखभाल, शिक्षक, विमा असे सारे धरून भारतात हा खर्च आज ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. त्यावर टाइप रेटिंग. काही मोठ्या कंपन्या स्वतःची 'कॅडेट' योजना चालवतात. तेथे आधीच निवड होते, प्रशिक्षण कंपनीने ठरवलेल्या संस्थेत होते आणि शेवटी नोकरीचा सशर्त देकार असतो. तो सारा खर्च एक कोटीच्या घरात जातो आणि तोही उमेदवारच करतो.

साधे गणित मांडू. ५० लाखांचे कर्ज ११ टक्के दराने १० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार रुपये येतो. ८० लाख घेतले तर एक लाख १० हजार. एअरबसच्या सहवैमानिकाला हा हप्ता झेपतो, तो चांगला कमावतो. झेपत नाही तो नोकरी न लागलेल्याला, आणि त्याहून अधिक, नोकरी लागूनही वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्याला. वैमानिकाला ठरावीक काळाने पहिल्या श्रेणीची वैद्यकीय चाचणी द्यावी लागते. एखादा आजार निघाला की परवाना निरुपयोगी होतो. कर्ज मात्र शाबूत राहते.

कर्ज मिळणे हाही वेगळाच प्रकार आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत; त्यापुढे घर, प्लॉट, मुदत ठेव असे काहीतरी ठेवावे लागते. जळगावच्या नोकरदाराकडे किंवा सराफाकडे फ्लॅट तरी असतो. रावेर-यावलच्या केळीबागायतदाराकडे किंवा साक्रीच्या शेतकऱ्याकडे असते ती जमीन, आणि थकलेल्या कर्जापोटी तारण जप्त करण्याचा जो जलद मार्ग बँकांना २००२ च्या 'सरफेसी' कायद्याने दिला आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून केलेली ही तरतूद. तिचा उलटा परिणाम असा की मुलाच्या शिक्षणासाठी मोठे कर्ज काढताना बँकेच्या नजरेत सात-बारा उताऱ्याचे वजन फ्लॅटच्या कागदापुढे हलके पडते. मग उरतो तो मार्ग तुकडा विकण्याचा. गहाण जमीन सोडवता तरी येते. विकलेली जमीन परत येत नाही, हे या भागात कोणाला सांगायला नको.

साहजिकच या क्षेत्रात शिरणारा तरुण कोण, हे गुणांवर ठरण्याआधी मिळकतीवर ठरते. बारावीला विज्ञान शाखा, भौतिकशास्त्र आणि गणित ही अट शिथिल करून कला व वाणिज्य शाखांनाही दार उघडण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये चर्चेत आला. दाराची चौकट रुंद होईल, पण उंबरठ्याची उंची तीच राहील.

पैसे देऊन काम

युरोपात हा प्रकार आणखी एक पायरी पुढे गेला. तेथे काही तरुणांनी पैसे भरून प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून उड्डाणाचे तास 'विकत' घेतले. प्रवाशांनी तिकीट काढले होते आणि उजव्या खुर्चीत बसलेल्यानेही, फक्त त्याचे तिकीट महाग होते. इंडोनेशियासारख्या देशांतही हा व्यवहार दलालांमार्फत चालला. २०१५ मध्ये बेल्जियमच्या घेंट विद्यापीठाने केलेल्या पाहणीत युरोपातील सहापैकी एकाहून अधिक वैमानिक कंपनीच्या थेट नोकरीत नसल्याचे दिसले. कोणी मध्यस्थ संस्थेमार्फत, कोणी स्वतःच्या नावे काढलेल्या छोट्या कंपनीमार्फत, कागदावर 'स्वयंरोजगारित' म्हणून उडत होता. विशी-तिशीच्या वैमानिकांत हे प्रमाण तब्बल ४० टक्के होते. आजारी असताना किंवा विमानात दोष दिसताना 'मी उडणार नाही' म्हणण्याची हिंमत अशा माणसात किती उरते, हा त्या पाहणीतून पुढे आलेला खरा प्रश्न होता. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याला उडालेल्या तासाचेच पैसे मिळतात, त्याला 'नाही' हा शब्द परवडत नाही.

अमेरिकेने याची किंमत फेब्रुवारी २००९ मध्ये मोजली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. चौकशीत कर्मचाऱ्यांचा थकवा, अपुरे प्रशिक्षण आणि सहवैमानिकेचा वर्षाला जेमतेम १६ हजार डॉलरच्या आसपासचा पगार चव्हाट्यावर आला. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली.

भारतात पैसे देऊन प्रवासी विमान उडवण्याची पद्धत रूढ झालेली नाही, हे नमूद केले पाहिजे. पण कंत्राटाचे वारे येथेही आहे. अलायन्स एअरच्या भरतीच्या जाहिरातींत मुदतीच्या कराराची अट असते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, एअर इंडियाने निवृत्तीनंतर करारावर घेतलेल्या सुमारे २०० वैमानिकांचे करार स्थगित केले. त्याच महिन्यात स्पाइसजेटने वैमानिकांना पगार मिळणार नाही असे कळवले. मालवाहू विमाने उडवणाऱ्यांना मात्र उडालेल्या तासांपुरते पैसे मिळतील, असे सांगितले. साथ असामान्य होती, हे खरे. परंतु संकट आले की जोखीम कोणाच्या अंगावर ढकलली जाते, ते त्या वेळी स्वच्छ दिसले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. ही जमेची बाजू आहे. पण ज्याने नोकरीआधीच ७०-८० लाख ओतले आहेत, त्याच्या हिशेबात ग्रॅच्युइटीची रक्कम ती केवढी?

बाँड नक्की कशाचा?

नोकरी लागल्यावर सुटका होते असेही नाही. राजीनामा द्यायचा तर २०१७ पासून सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कप्तानाला एक वर्षाची पूर्वसूचना देण्याचा डीजीसीएचा नियम आहे. वैमानिकांच्या संघटना त्याविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयात भांडत आल्या आहेत. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४० हून अधिक वैमानिक पूर्वसूचनेचा काळ पूर्ण न करता गेले, कंपनीला उड्डाणे रद्द करावी लागली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. प्रवाशांची गैरसोय पाहता कंपनीची तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

त्याशिवाय बाँड असतो. ठरावीक वर्षे नोकरी सोडली नाही तर ठीक, अन्यथा लाखो रुपये भरा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात असा बाँड वैध ठरवला. भरतीवर झालेला खर्च वाया जाऊ नये ही मालकाची अपेक्षा रास्त आहे, असा त्यामागचा विचार होता. तेथे रक्कम दोन लाखांची आणि मुदत तीन वर्षांची होती. कंपनीने कर्मचाऱ्यावर पैसा खर्च केला असेल तर बाँडला अर्थ आहे, याबाबत दुमत असण्याचे कारण नाही. पण प्रशिक्षणाचा सारा खर्च ज्या तरुणाने स्वतः सोसला, त्याला बांधून ठेवण्याचा नैतिक आधार कोणता? खर्चही तुझा आणि बंधनही तुलाच, या व्यवहाराला करार म्हणायचे की आणखी काही, हे कायद्याच्या जाणकारांनी एकदा स्पष्ट सांगावे.

डी.एड.ची आठवण

महाराष्ट्राला हे सारे नवे वाटू नये. नोकरीसाठी आधी पैसे मोजण्याची रीत खासगी शिक्षण संस्थांत आपण दीर्घकाळ पाहिली आहे. २००० नंतरच्या दशकात डी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले. शिक्षक व्हायचे म्हणून बहुजन घरांतील लाखो मुलामुलींनी शुल्क भरले, पदविका घेतल्या, आणि नंतर भरतीच थांबली. महाविद्यालये बंद पडली, इमारती उरल्या, पदविकाधारक मिळेल त्या कामाला लागले. खानदेशात अशी घरे तालुक्या-तालुक्यात सापडतील. तेव्हाही जागा किती आणि प्रवेश किती, याचा मेळ घालण्याची जबाबदारी कोणीही घेतली नव्हती. परवानगी देणारे वेगळे, शुल्क घेणारे वेगळे, नोकरी देणारे वेगळे. फरक एवढाच की डी.एड.चे नुकसान काही लाखांचे होते आणि येथे ते अर्ध्या कोटीपासून सुरू होते. घरात पहिला मुलगा 'पायलट' झाला म्हणून गावच्या चौकात लागणारा अभिनंदनाचा फलक या व्यवहाराची दुसरी बाजू कधी सांगत नाही.

झोळी आणि पंख

पैशाच्या ताणाचा सुरक्षेशी संबंध असतो, म्हणून हा विषय केवळ काही कुटुंबांचा खासगी प्रश्न नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या संस्थेचे प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या रांगेत कोसळले. शिक्षक-वैमानिकाचा मृत्यू झाला, शिकाऊ तरुणी जखमी झाली. पावसाळ्याचे दिवस, रस्ता नाही, चिखल. आसपासच्या आदिवासी बांधवांनी लाकडाला कापड बांधून झोळी केली आणि तिला डोंगरातून खाली आणले. त्यासाठी एका आदिवासी भगिनीने आपली साडी दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली आणि डीजीसीएला त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवावे लागले. अपघाताची कारणे प्रत्येक वेळी वेगळी असतात, त्यांना एका माळेत ओवणे योग्य नव्हे. परंतु विमाने थोडी, विद्यार्थी जास्त, शिक्षक अपुरे, अशी स्थिती अनेक संस्थांत आढळते आणि तिची चर्चा खुद्द या व्यवसायातच होते. बरेच शिक्षक हे स्वतःच नुकतेच परवाना घेतलेले, कंपनीची नोकरी लागेपर्यंत तास वाढवण्यासाठी थांबलेले तरुण असतात. नोकरी लागली की ते जातात आणि विद्यार्थ्याला पुन्हा नवा शिक्षक.

विलंबाची कारणे कधी संस्थेच्या हाताबाहेरचीही असतात. छोट्या विमानांना लागणारे विशेष पेट्रोल, ज्याला अॅव्हगॅस म्हणतात, ते आपण आयात करत होतो. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये बडोद्याच्या प्रकल्पातून देशी उत्पादन सुरू केले. परंतु कारण कोणतेही असो, दीड वर्षाचा अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षे लांबला की खोलीभाडे, जेवण, व्याज आणि काही परीक्षांच्या वैधतेची मुदत हे सारे विद्यार्थ्याच्या खात्यावर चढत जाते. शुल्क बहुधा आधीच हप्त्याहप्त्याने भरलेले असते, उडालेले तास मात्र मागे राहतात. जेवढे तास उडाले तेवढेच पैसे संस्थेला मिळतील आणि उरलेले तिसऱ्या पक्षाच्या खात्यात सुरक्षित राहतील, अशी व्यवस्था केली तर निम्मे वाद मिटतील. घरबांधणी क्षेत्रात 'महारेरा'ने ग्राहकाच्या पैशाचा ७० टक्के वाटा स्वतंत्र खात्यात ठेवायला लावलाच ना! फ्लॅट घेणाऱ्याला मिळालेले संरक्षण परवाना घेणाऱ्याला का नसावे?

डीजीसीएने २०२५ च्या ऑक्टोबरपासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्याच यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत देशातील एकही संस्था बसली नाही. हा निकाल बोलका आहे आणि तो जाहीर केल्याबद्दल महासंचालनालयाचे अभिनंदन करायला हवे. पण पालकाला श्रेणीपेक्षा अधिक नेमके काही हवे असते. गेल्या तीन वर्षांत किती मुले आली, किती जणांचे २०० तास पूर्ण झाले, त्यांना किती महिने लागले, आज त्यांतील किती जण विमान चालवत आहेत. हे चार आकडे प्रत्येक संस्थेने संकेतस्थळावर टाकणे सक्तीचे केले तर माहितीपत्रकातील चकचकीत छायाचित्रांची भुरळ बरीच कमी होईल. तोवर प्रवेश घेण्याआधी वैद्यकीय चाचणी उरकणे, उडण्याच्या स्थितीत असलेली विमाने स्वतः मोजणे आणि शुल्कपरतीची अट लेखी मागणे एवढे पालकांच्या हातात आहे. गोंदूर काय किंवा जळगाव काय, एका सकाळी धावपट्टीच्या कुंपणाबाहेर उभे राहिले तरी किती विमाने खरोखर उडतात ते दिसते.

विदर्भात अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडिया स्वतःची उड्डाण शाळा उभारत आहे. वर्षाला १८० वैमानिक, ३४ प्रशिक्षण विमानांची मागणी, २०० कोटींहून अधिक गुंतवणूक असे आकडे जाहीर झाले आहेत. कंपनीच शाळा काढते आहे म्हटल्यावर घडवलेला माणूस ती वापरेल, अशी अपेक्षा ठेवायला जागा आहे. जळगावहून अमरावती रेल्वेने काही तासांवर. भुसावळ-अकोला मार्गावरच्या अनेक घरांत त्या शाळेची चौकशी सुरू होईल, तेव्हा पहिला प्रश्न शुल्काचा असेल, दुसरा टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार याचा, आणि तिसरा बाँड किती वर्षांचा याचा.